रोजचा शुक्रवार

"पाय मोडले गो माझे. एका माणसाक किती हिंडवतलात?"

कुणीतरी अगदी कानाशी कुरकुरतंय. रिबेका स्वयंपाकघराच्या गार लादीवर आडवी झाली आहे, दंडाची उशी करून. सॉसेज-बटाटा शिजून झाकलेला आहे, पण अजून कुणी जेवलेलं नाही. झोप येतेय खरी, पण उंबऱ्यावर पाय पुसत उभी आहे, आत काही शिरत नाही. आधी तिला वाटतं, शेजारीण असेल, साखर मागायला आली असेल. मग व्हिनेगर, पावडर आणि एसटीचं डिझेल, अशा तिन्हींचा मिळून एकच वास येतो. असा वास या घरात एकाच बाईच्या अंगाला यायचा. रिबेका डोळे उघडत नाही. उघडले तर ती जाईल, एवढं तिला झोपेतही कळतं.

"उठू नको," सासू म्हणते. "पड. माका नुसती बसूक जागा दी."

सासू, एर्मेलिन, पावसाळ्यात वारली. नोव्हेंबर लागलाय.

रिबेका अंग चोरून सरकते. तिच्याबरोबर लादीही सरकते, आणि पाठीखाली रेक्झिनचं फाटकं बाकडं येतं. खिडक्या खडखडतायत. गाडी सावंतवाडी–म्हापसा आहे, हे कुणी सांगायला नको. मधल्या वाटेत चूल पेटली आहे आणि चुलीवर घरचंच टोप आहे, एक कान तुटलेलं. बाकड्यांच्या खाली, वर, दारापर्यंत पिशव्याच पिशव्या. प्रत्येक पिशवीतून सॉसेजची लाल माळ बाहेर डोकावतेय.

"मांय, हे एवढं सगळं?"

"रोज धाडतास मा बाजारात? मगे रोज हाडतंय." एर्मेलिन पोटऱ्या चोळते. "थंयल्यो बाजारकारणी हसतत माका. 'एर्मेलिनबाय, परत?' म्हणतत. काय सांगू तेंका? माझी माणसां माका मरूकसुद्धा सवड देवक नाय?"

रिबेकाला हसू येतं आणि तोंड लपवावंसंही वाटतं. कारण म्हातारी बोलतेय ते खरं आहे.

या घरात रोज शुक्रवार असतो. निदान कायतानपुरता तरी. कायतान म्हणजे रिबेकाचा सासरा. जन्मभर त्याने हीच गाडी चालवली. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. एर्मेलिन सकाळी नवऱ्याच्याच गाडीने जायची, दुपारी नवऱ्याच्याच गाडीने सॉसेजची माळ घेऊन परत यायची, आणि तिकीट काढायची. घोव ड्रायव्हर असला म्हणून काय झालं, गाडी सरकारची आसा, असं तिचं म्हणणं. आणायचं शुक्रवारी, पण शुक्रवार उपासाचा, त्या दिवशी मांस खायचं नाही. रविवारपर्यंत माळ चुलीवरच्या खुंटीला लटकायची आणि सगळं घर तिच्याकडे बघत चर्चमधल्या मिस्साची वाट पाहायचं.

आता कायतानच्या डोक्यातले थांबे एकेक करून पुसत चाललेत. जेवलो की नाही, ते आठवत नाही. मुलाला, रिबेकाच्या नवऱ्याला, कधी इनास या नावाने हाक मारतो, कधी कंडक्टर म्हणून. एर्मेलिनचं नाव तेवढं पक्कं. मयताच्या दिवशी तो कोट घालून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "चाय घेतलात?" म्हणून विचारत होता. कुणाचं मयत, ते त्याने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र विचारलं, "एर्मेलिन खंय?"

इनास म्हणाला, "मांय गेली..." आणि बापाच्या तोंडाकडे बघून त्याने वाक्य तिथेच सोडलं. मग कसंबसं पुरं केलं, "...म्हापशाक."

'गेली' हा शब्दच तसा लबाड. एका पायावर दोन घरं करतो. त्या दिवसापासून घरातले सगळे त्याच पायावर उभे आहेत. रिबेकाने एकदा विषय काढला होता, तर इनास ताटावरून उठला. "आज सांगलंय तर उद्या परत सांगूक लागतला. रोज मारू काय मी तिका?" तिने त्याचं ताट झाकून ठेवलं.

आणि कायतान पडवीत बसून असतो, रस्त्याकडे तोंड करून. गाडी यायची वेळ होते, टळते. "एर्मेलिन येवंदे, मगे जेवतंय." ताट निवतं. गळ्याची हाडं अशी वर आलीत, की सदऱ्याची वरची गुंडी लावली तरी मान आत फिरते. म्हणून रिबेका हल्ली रोजच्या जेवणात सॉसेज घालते, गावातल्या दुकानातून आणून. कधी पुलाव, कधी चवळीत, कधी नुसतं अंड्यावर माळेतले दोन मणी कुस्करून. वास आला तरी म्हाताऱ्याला वाटेल, आली. वास येतो आणि वाटतंही. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून बघतो, "इली?" दारात रिबेका उभी असते, हातात डाव घेऊन. मग तो परत रस्त्याकडे वळतो. तेवढं ते वळणं तिला बघवत नाही.

गाडी कुठल्यातरी वळणावर डुलते. एर्मेलिन टोपावरचं झाकण उचलते.

"बटाटे किती घातलंस गो? ह्यां सॉसेज-बटाटो न्हय. बटाटो-बटाटो."

"तुम्हीच शिकवलंत. माळ पुरवायची असते म्हणून."

"पुरवूची म्हणजे सॉसेजाक शोधूक लावूचा न्हय." ती एक माळ मांडीवर घेते, रुझाराच्या जपमाळेसारखी, आणि एकेका मण्याचा दोरा कापायला लागते. "पयल्यांदा काय घातलंस, आठवता?"

"नका ना, मांय."

"सांग."

"शेंगदाण्याचं कूट."

"आणि?"

"मीठ."

"सॉसेजात मीठ!" एर्मेलिन एवढी हसते, की पिशव्या हलतात. रिबेका मिरजेची, तिच्या माहेरी कूट घातल्याशिवाय भाजी भाजी होत नाही. सॉसेज म्हणजे काय, हे तिने लग्नानंतर बघितलं. लाल, तेलकट, दोऱ्याने गळे आवळलेलं काहीतरी. चव न घेताच मीठ घातलं होतं. "आणि ह्यो कायतान. दोनदा मागून खाल्ल्यान. 'बरा झाला, बाय' म्हणालो. मगे रातभर तांब्यो घेवन बसलो, घळाघळा पाणी पिता. मी म्हटलंय, थुकून टाकूचा होता. तर म्हणता, पोर घाटावरसून इला, तेका कोण आसा हंय?"

हे रिबेकाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं या घरात राहून तिला वाटत होतं, त्या दिवशी मीठ बरोबर पडलं असेल.

"तेल नको, मीठ नको," सासू टोपात मणी सोडत म्हणते. "त्येचां त्येका आसता. नुसतो जाळ बारीक ठेवचो आणि गप रवचां."

चूल आहे तिथेच आहे, पण आता तिच्याभोवती मेणबत्त्या आहेत. बाकडी सिमेंटची झालीत. एकेका बाकड्यावर नाव आणि साल. रिबेका चप्पल काढते. दोन तारखेला, मेलेल्यांच्या सणाला, ती आणि इनास इथेच दफनभूमीत उभे होते, झेंडू आणि मेणबत्त्या घेऊन, सगळ्या गावाबरोबर.

"बरी सजवलात," एर्मेलिन म्हणते. "सगळे इलात. तो खंय होतो?"

"घरी. शेजारणीला बसवलं होतं त्यांच्याजवळ."

"तेका काय सांगलात?"

रिबेका मेणबत्तीचं मेण नखाने खरवडते. "लग्नाला जातोय म्हणून."

"माझ्या थडग्यार येवक लग्न सांगलात?" म्हातारी पुन्हा हसायला लागते आणि हसता हसता तिला खोकला लागतो, जुनाच. रिबेका तिची पाठ चोळते. पाठ ऊनऊन आहे. तिला पोटाशी धरावं की सोडावं, ते रिबेकाला समजत नाही.

खोकला थांबतो तेव्हा एर्मेलिन हसत नसते.

"माझ्यासाठी सगळे रडले गो. पाववालो रडलो. ती शेजारीण, जिच्याशी माझां बोलणां नव्हतां, तीसुद्धा नाक पुसून गेली. जेचां रडणां माका व्हया होतां, तेका तुम्ही पडवेर बसवन ठेवलात."

"त्यांना सोसायचं नाही, मांय."

"वाट बघणां सोसता?"

रिबेका वाकडी झालेली मेणबत्ती सरळ करते.

"आणि उद्या विसरले तर? परत सांगावं लागेल. इनास म्हणतात..."

"इनास माझो झील. तेका मी जन्म दिलंय, तो काय म्हणता ता माका ठावक आसा." टोपातून आता तो वास सुटलाय, लसणाचा, मिरचीचा, आंबूस. "विसरूंदे. पण रडान विसरूंदे. मी येतलंय म्हणान उपाशी मरूचो नको."

गाडी परत खडखडू लागते. बाहेर काहीच नाही, झाड नाही, गाव नाही. रिबेका पुढे बघते. ड्रायव्हरची जागा रिकामी आहे. सीटवर कायतानचा खाकी टॉवेल घडी घालून ठेवलाय.

"मांय, गाडी कोण चालवतंय?"

"कोण नाय. म्हणान तर पोचत नाय." एर्मेलिन दोन्ही हात मांडीवर टाकते. प्रथमच ती दमलेली दिसते, शेवटच्या आठवड्यात दिसायची तशी. "थंय, देवाघरी, माझी आवय तांदूळ निवडीत बसली आसा. 'येतलंस कधी' विचारता. हंय ह्यो बसलो आसा. मधी मी, पिशये घेवन."

"मग मी काय करू?"

"वाढ तेका. दुसरा काय करतलंस?" ती शेवटच्या मण्याचा दोरा कापते आणि टोपात टाकत नाही, बोटांत धरून ठेवते. "सगळां शिजला. दोरो तेवढो रवलो. दोरो काढल्याबगर कोणाच्या पानात वाढू नको, किती वेळा सांगलंय. गिळणाऱ्याच्या गळ्यात अडकता."

मग रिबेकाचा डावा हात ओढून घेते, मधल्या बोटाला दोऱ्याचे दोन वेढे देते आणि गाठ मारते, घट्ट.

"दुखतंय, मांय."

"दुखूंदे. तू विसरभोळी."

रिबेका जागी होते तेव्हा डाव्या हाताचं मधलं बोट ठणकतंय. लादीचं ऊन दारापर्यंत सरकलंय. टोप झाकलेलं, चूल विझलेली. ती बोट डोळ्यांपुढे धरते. लाल, तेलाने चिकट झालेला दोरा. दोन वेढे आणि मधे एर्मेलिनची ती चपटी गाठ, जी सुरीशिवाय सुटत नाही. सकाळचे सगळे दोरे तिने स्वतः कागदात गुंडाळून चुलीत टाकले होते, तिला पक्कं आठवतंय. उजव्या हाताने ती तशी गाठ करून बघते, पोळपाटावरच्या सुतळीने. एका हाताने होत नाही.

ती झाकण काढते. वाढायच्या आधी एकेक मणी डावाने उलटून बघते. दोरा कुठे नाही. चव घेते. मीठ बरोबर आहे. तिने घातलेलंच नाही.

ताट वाढून, दोन पाव ठेवून ती पडवीत येते. इनास गॅरेजातून जेवायला आलाय, पायरीशी हात धुतोय. तिच्या हातातलं ताट तो बघतो, मग तिचा चेहरा बघतो, आणि बापाच्या पाठीमागून मान हलवतो. नको.

रिबेका कायतानच्या शेजारी बाकावर बसते. रोज ताट पुढे ठेवून ती आत जाते. आज मांडीवर धरून बसते.

वासाने कायतान वळतो. आधी दाराकडे बघतो, मग तिच्याकडे.

"शुक्रवार मा आज?"

"नाही, पपा. आज मंगळवार."

तो विचारात पडतो. मंगळवार त्याला कुणी बऱ्याच दिवसांत सांगितलेला नाही. कपाळाला आठी घालून तो रस्ता बघतो, जणू मंगळवारचा रस्ता वेगळा असतो.

"मगे एर्मेलिन?"

"गेली हा, पपा," इनास ओल्या हातांनीच दोन पायऱ्या चढतो. "म्हाप..."

रिबेका डावा हात वर करते. दोरा बांधलेलं बोट इनासला दिसतं. गाठ दिसते. लहानपणी दप्तराच्या बंदाला, आंब्याच्या पेटीला, माळ्यावरच्या मिरचीच्या पोत्याला त्याने ती बघितली आहे. तो जिथे आहे तिथेच थांबतो.

"गेली," रिबेका म्हणते.

"खंय?" कायतान विचारतो.

त्याचा हात तिच्या मनगटावर आलाय. सुपारीसारखा सुका, हलका हात. या माणसाने आपलं खारट जेवण दोनदा मागून खाल्लं होतं. रिबेका ताट बाजूला, बाकावर ठेवते, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतील. इतक्या वर्षांत तिच्या जिभेला या घराची बोली कधी वळली नाही, सगळे हसायचे. आज ती त्याच्याच बोलीत बोलते, म्हणजे शब्द वाटेत कुठे उतरून जाणार नाही.

"खंय नाय, पपा. मांय वारली."