खंडेनवमीला पुजलेला गोळा

आमच्या ह्यांचं तळोज्याला लेथचं वर्कशॉप. आधी पंपांचे पार्ट करायचे, मग तोफगोळ्यांची कवचं टर्निंगला यायला लागली. दारू भरायची दुसरीकडे, तिथून माल परदेशी. तेव्हापासून ह्यांची मान जी ताठ झाली, ती खाली यायचं नाव नाही.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून ह्यांनी एक रिकामं कवच घरी आणून देवीपुढे उभं केलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. शेजारच्या खालांना पेढे खायला बोलावलं. खालांचा एकुलता एक मुलगा परमुलखातल्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. त्यांनी हातातला पेढा तसाच धरून विचारलं, "भाऊ, हे विकता कुणाला?"

"घेईल त्याला. आपला देश नाही विकणार तर दुसरा विकेल."

"कुणावर टाकणार, ते नाही विचारत?"

"सुरीवाला विचारतो का खाला, कांदा कापणार की गळा?" आणि हे खो खो हसले. अस्सा राग आला मला! खालांनी पेढा पदराला बांधला आणि त्या घरी गेल्या.

पुढे तिकडे दोन देशांची जुंपली आणि ते बंदर भाजून निघालं. खालांचा मुलगा क्रेनखालीच गेला. पुरलासुद्धा तिकडेच. मारणाऱ्यानं गोळे चार देशांकडून घेतले होते, त्यात आपलाही देश. कुणाचा कुणाला लागला, देव जाणे.

आम्ही भेटायला गेलो. निघताना मी ह्यांना बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. खाला भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडून झालं असावं. त्यांनी ह्यांच्याकडेच पाहिलं.

"भाऊ, तुमचं तर हेच काम. सांगा ना, त्याला दुखलं असेल का हो?"

धंद्यातलं विचारलं की ह्यांना राहवतंय कुठलं! "माल चांगला असला ना खाला, तर माणसाला काही कळतसुद्धा नाही. हलक्या मालाचं वाईट. नीट फुटत नाही, मग माणूस पडून तडफडतो. आमच्याकडे तसलं काम नाही."

मी ह्यांचा दंड जोरात दाबला. पण खालांचा चेहरा सैल पडला. त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले, डोळे मिटले.

"या अल्लाह," त्या म्हणाल्या, "माझ्या पोराला लागलेला गोळा ह्या भाऊंचाच असू दे."