पाहुण्यांसमोर अर्धा गिलास

मुलांना पाणी जपायला शिकवणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे, असं डी.एड. संपलं तेव्हा मला वाटत होतं. फळ्यावर एक नळ काढायचा, त्याखाली एक थेंब काढायचा, थेंबाला रडके डोळे काढायचे, पोरांकडून दोन घोषणा म्हणवून घ्यायच्या, झालं. नोकरीचा पत्ता नव्हता आणि घरी बसणं माझ्या स्वभावात नव्हतं, म्हणून आमच्या गावच्या शाळेतल्या मोठ्या गुरुजींनी मला लहान वर्ग सांभाळायला येऊ दिलं. कामरगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. गुरुजींनी तेव्हा वर्ग दिला नसता तर मी घरातल्या भांड्यांवर राग काढत बसले असते. त्यांचे आभार मी त्या वेळी मानले नाहीत. उपकार मीच शाळेवर करतेय असा माझा समज होता.

पाण्याची टंचाई म्हणजे काय हे आमच्या पोरांना सांगायची गरजच नव्हती. ऊन तापायला लागलं की नळ आठवडा आठवडा तोंड दाखवत नसे आणि हापशीवर गुंडांची रांग लागे. गुंड म्हणजे पाणी आणायचं आमच्याकडचं मोठं भांडं. पहिलीतली पोरगीसुद्धा कडेवर छोटी कळशी घेऊन त्या रांगेत उभी असे. तीच पोरगी शाळेत आली की माठातून गिलास काठोकाठ भरून घेई, दोन घोट पिई आणि उरलेलं मागं न बघता अंगणात भिरकावून देई. मी रागावले तर म्हणे, उष्टं आहे ना बाई, आता कोण पिणार? तिचं म्हणणं बरोबरच होतं. उष्टं पाणी कोणी दुसऱ्याला देत नाही आणि माठात परत ओतत नाही. मग ते टाकायचं नाही तर काय करायचं, याचं उत्तर माझ्या रडक्या थेंबाकडे नव्हतं.

एके दिवशी घोषणांचा मलाच कंटाळा आला. मी माठाशेजारी एक रिकामी बादली ठेवली आणि सांगितलं, आज कोणीही अंगणात पाणी टाकायचं नाही, उरलेलं ह्यात ओता. खिचडीची सुट्टी होईपर्यंत बादली भरून वाहायला लागली. पोरं गोल करून बघत उभी राहिली. रांगेत उभं राहून, भांडून, कडेवर मिरवत आणलेलं पाणी असं एका जागी साठलेलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते पाणी आम्ही शाळेच्या कडुनिंबाला घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात एक नियम झाला: आधी अर्धा, लागला तर पुन्हा. पोरांनी त्याला स्वतःच चाल लावली आणि पाढ्यासारखं म्हणायला लागली.

त्यानंतर गावात माझं जगणं कठीण झालं. पोरं घरोघरी फौजदार होऊन बसली. एकानं आजोबांच्या गुळण्या मोजायला सुरुवात केली, तेव्हा आजोबा काठी टेकत शाळेत आले आणि म्हणाले, तोंड धुवायचं की नाही तेवढं सांगून टाका. एका बाईनं मला हापशीवर अडवून विचारलं, की पोट्टं मला भांडी घासू देत नाही, आता ताटं तुमच्याकडे पाठवू का? मी वरवर माफी मागत होते आणि आतून फुगत होते. मला वाटलं होतं त्याहून धडा जास्तच मुरला होता.

माझी धाकटी बहीण तेव्हा चौथीत होती, माझ्याच वर्गात. शाळेत ती मला इतर पोरांसारखंच बाई म्हणायची आणि घरी आलं की ताई. नियम पाळण्यात तिच्यासारखी कडक कोणी नव्हती. आमचे बाबा शेतातून तहानलेले आले तरी ती आधी अर्धाच गिलास पुढं करायची आणि दुसऱ्यांदा भरून द्यायला तिथंच उभी राहायची. बाबा हसून प्यायचे. माईला, म्हणजे आमच्या आईला, मात्र हे पसंत नव्हतं, पण पोरीच्या नादी लागायला तिला वेळ नव्हता.

त्याच दिवसांत, शिमगा होऊन गेल्यावर, मला बघायला वाशीमकडचे पाहुणे यायचं ठरलं. त्याआधीची दोन स्थळं एकाच कारणानं गेली होती. पोरगी शिकवायला जाणार म्हणते, ते आम्हाला चालणार नाही. ह्या लोकांनी मात्र मध्यस्थाकडून आधीच कळवलं होतं, की मुलीला परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं असेल तर होऊ दे. हे ऐकलं तेव्हापासून मला हेच घर हवं होतं. मुलगा कसा दिसतो हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. वर्गात उभं राहायचं माझं सगळं भवितव्य त्या एका दुपारवर टांगलेलं होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, धाकटीलाही.

बाबांनी पाण्याची जय्यत तयारी केली. सकाळीच मोटरसायकलला कॅन बांधून शेतातल्या विहिरीवरून पाणी आणलं, रांजण भरला, दारात पाय धुवायला बादली ठेवली. पाहुण्याले पान्याची कमी दिसली नाई पायजे, एवढं एकच ते माईला पुन्हा पुन्हा सांगत होते. आमच्याकडे घरात शिरलेल्या माणसाला पहिल्यांदा पाणी देतात, आणि ते गिलास भरून देतात. पाण्याला हात न लावता पाहुणा उठला तर गोष्ट संपली असं धरून चालतात. मी आत साडीच्या निऱ्या सावरत होते आणि माई पोहे परतत होती, म्हणून पाणी न्यायचं काम धाकटीवर आलं.

दारावरच्या पडद्याच्या फटीतून मला बैठक दिसत होती. मुलगा, त्याची आई, त्याचे मोठे काका आणि मध्यस्थ. धाकटी ताट घेऊन गेली. मी गिलास पाहिले. सगळे अर्धे होते. तेही अगदी सारखे अर्धे, शाळेत शिकवल्यासारखे.

मोठ्या काकांनी गिलास उचलला, आत बघितलं आणि न पिताच खाली ठेवला.

"पानी नाई काय घरात?" ते म्हणाले. "का पाहुने जड झाले?"

धाकटीनं वर्गात उत्तर द्यावं तसं ताठ उभं राहून त्याच चालीत म्हणून दाखवलं, "आधी अर्धा, लागला तं पुन्हा."

मध्यस्थाला हसू आलं. त्यानं सगळं अधिकच बिघडलं. काकांचा चेहरा उतरला आणि बाबांचा तर पांढराफटक पडला. सकाळपासून विहिरीवर घातलेल्या खेपा त्या अर्ध्या गिलासांत बुडाल्या होत्या. लेकरू आहे, चुकलं, असं ते पाहुण्यांना हात जोडून म्हणाले, आणि मग धाकटीचा दंड धरून त्यांनी तिला विचारलं, "कोनं शिकवलं तुले हे?"

तिच्यासाठी हे अगदी सोपं उत्तर होतं. वर्गात ती दिवसातून कितीदा तरी मला बाई म्हणून हाक मारायची. तिनं पडद्याकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. मग तिनं मान खाली घातली आणि गप्प राहिली. बाबांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. ती ओठ घट्ट मिटून उभी होती. बाबांनी कधी आम्हाला मारलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांचा हात वर गेला.

बोलावल्याशिवाय मुलीनं बाहेर यायचं नसतं. मी पडदा सारून बाहेर गेले.

"बाबा, तिले काई म्हनू नका," मी म्हणाले. "म्या शिकवलं. साऱ्या शाळेले म्याच शिकवलं."

पुढं काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बादलीचं सांगितलं, उष्ट्या पाण्याचं सांगितलं, आणि कमी द्यावं म्हणून अर्धा नसतो, पुन्हा हक्कानं मागता यावं म्हणून असतो, असंही काहीतरी सांगितलं. बोलण्याच्या भरात डोक्यावरचा पदर खाली आला तो मी परत घेतला नाही. काका उठले आणि जीपमध्ये काही राहिलं आहे असं सांगून बाहेर गेले. मुलगा जमिनीकडे बघत होता. त्याची आई एकदा माझ्याकडे, एकदा धाकटीकडे बघत होती. पोहे आले, चहा आला, माझं शिक्षण विचारलं गेलं. सगळं रीतीप्रमाणे झालं आणि पाहुणे गेले. काकांचा गिलास होता तिथंच होता.

त्या संध्याकाळी घरात मला कोणी रागावलं नाही, आणि तेच मला सहन होईना. माईनं गिलास घासून पालथे घातले. बाबा बराच वेळ ओट्यावर बसून राहिले, मग धाकटीला मोटरसायकलवर पुढं बसवून कामरगावला उसाचा रस पाजायला घेऊन गेले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, की पोरीवर हात उगारला ते बरं नाही झालं. स्थळाबद्दल अवाक्षर नाही. माझा बाप असा आहे. ज्यांचे बाप असे नसतात त्यांच्या गोष्टी मी पुढं बऱ्याच ऐकल्या, तेव्हा मला त्याची किंमत कळली.

मी मनातून ते घर सोडून दिलं होतं. शाळेत जात होते, शिकवत होते, आणि धाकटी पहिल्या बाकावर बसून माझ्याकडे बघतच नव्हती. माझं लग्न आपल्यामुळं मोडलं असं तिनं धरलं होतं. मी तिला जवळ घेऊन सांगितलं, की तुझं काही चुकलं नाही, तर ती म्हणाली, मी तं तुझं नाव बी घेतलं नाई ताई. मी तिला पोटाशी धरलं. दुसरं काय करणार होते?

बरेच दिवस गेल्यावर मध्यस्थाचा फोन आला. पाहुण्यांना मुलगी पसंत होती. मोठ्या काकांचं म्हणणं होतं की मुलगी तोंडाळ आहे, पण मुलाची आई अडून बसली होती. तुळशीचं लग्न लागल्यावर माझं लग्न झालं. नवऱ्यानं मला पुढं सांगितलं, की त्या दुपारी त्याला भयंकर तहान लागली होती, त्यानं तो अर्धा गिलास एका दमात संपवला होता आणि पुन्हा मागायची हिंमत झाली नव्हती. यावर मी त्याला अजून चिडवते.

मी परीक्षा दिली, पास झाले, आणि आता वाशीमजवळच्या शाळेत शिकवते. माठाशेजारी बादली इथंही ठेवली. फक्त धडा थोडा बदलला आहे. घरी पाहुणे आले की पाण्याचा गडवा काठोकाठ भरून त्यांच्यासमोर ठेवायचा, गिलास मात्र अर्धाच द्यायचा, आणि लागेल तेवढं घ्या असं तोंडानं म्हणायचं. ही रीत सासूबाईंनी बसवली. मोठे काका आमच्याकडे येतात तेव्हा गडव्यातून स्वतःच्या हातानं ओतून घेतात, आणि गिलासात थेंब ठेवत नाहीत. अर्थात ते तसं कबूल करणार नाहीत.

इतकी वर्षं माझी अशी पक्की समजूत होती, की सासूबाईंनी मला माझ्या धाडसामुळं निवडलं. पडदा सारून बाहेर आलेली, चारचौघांत स्पष्ट बोलणारी मी. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. शाळेतल्या मैत्रिणींना मी ती दुपार रंगवून सांगायची. परवा आम्ही दोघी अंगणात तूर निवडत बसलो होतो, तेव्हा मी सासूबाईंना सहज विचारलं, की माझ्या त्या बोलण्यातलं तुम्हाला नेमकं काय आवडलं होतं?

त्या हसल्या. सुपातले खडे बाजूला काढत म्हणाल्या, "तुह्यं बोलनं तं मंग झालं. माहा होकार त्याच्या आधीच झाला होता."

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"मी तं त्या लहानीकडं पाहून राह्यली होती," त्या म्हणाल्या. "बाप विचारते कोनं शिकवलं, अन् ते तोंड उघडत नाई. तुह्याकडं पाह्यलं तिनं, ते मले दिसलं. म्हटलं, जिच्यासाठी एवढंसं लेकरू मार खायले तयार हाय, ते पोरगी वाईट नसन."

मी उठून आत गेले आणि धाकटीला फोन लावला. ती आता कॉलेजला कारंज्याला असते. तिला काय सांगायचं ते मी मनात जुळवलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर मला रडूच फुटलं. तिनं घाबरून विचारलं, ताई, रडून काहून राह्यली? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं कळलं ताई, आजपर्यंत मला वाटत होतं की तुझं लग्न माझ्यामुळं मोडता मोडता वाचलं, अन् ते तं जुळलंच माझ्यामुळं.