बुशरामधला श

या लिखाणात मी कुणाचं नाव घेणार नाही. हेडमास्तरांचं तर नाहीच. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं नाव माझ्या हाताने कागदावर उतरावं असं मला वाटत नाही. ज्या एका नावावरून हे सगळं झालं, ते मात्र लिहावं लागेल. बुशरा.

जुन्या हुबळीतल्या एका कन्नड शाळेत मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा बावीस वर्षांची होते. नोकरी कच्ची होती. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, असं आमच्या गल्लीत सगळ्यांचंच होतं. अप्पा एका कारखान्यात घण मारायचे. त्यांचं जुनं नाव गावच्या पाटलाने ठेवलेलं, आणि त्याचा अर्थ सरळ केरकचरा असा होता. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला, तेव्हा अप्पांनी ते नाव टाकलं, नवं घेतलं आणि माझंही पालीतलं एक नाव शोधून ठेवलं. पण कारखान्याच्या हजेरीपटावर जुनंच राहिलं. फोरमन रोज सकाळी तेच मोठ्याने पुकारायचा आणि अप्पांना हात वर करावा लागायचा. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणून पुढे मी जे केलं ते मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

जूनमध्ये पहिलीचे प्रवेश चालू होते. एक बुरख्यातली बाई मुलीला घेऊन आली. हेडमास्तर खुर्चीत बसून विचारत होते आणि मी पटावर लिहीत होते. बाईने मुलीचं नाव हळू आवाजात दोनदा सांगितलं. मला श स्पष्ट ऐकू आला. हेडमास्तर म्हणाले, "बूसरा लिहा." माझा हात थांबलेला पाहून ते पुढे म्हणाले, "लिहा हो. यांच्या नावांना अर्थ थोडाच असतो. तुमच्याही नाही."

माझ्या नावावर ते पहिल्या दिवशीच हसले होते. मी बूसरा लिहिलं.

कन्नडात बूसा म्हणजे जनावरांपुढे टाकायचा कोंडा. मुलांना ते जमायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. मी हजेरी घ्यायला लागले की मागच्या रांगेतून बूसा, बूसा सुरू व्हायचं. मग त्या मुलीने ओ देणंच बंद केलं. पहिल्या बाकावर माझ्याकडे बघत बसायची, नाव पुकारलं तरी तोंड उघडायची नाही. तिची दया यायला हवी होती, पण मला राग यायचा. एवढीशी पोर माझ्याशी हट्ट धरून बसते म्हणजे काय? मी तिच्या नावापुढे गैरहजरची खूण करायला लागले. ती समोर बसलेली असायची आणि पटावर नसायची.

असे दहाबारा दिवस गेले आणि तिचे आजोबा शाळेत आले. बाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. बोटांना खळ वाळून चिकटलेली, दाढी पांढरी, नजर चिडलेली. व्हरांड्यात उभे राहूनच त्यांनी कन्नडात शिक्षिकेला म्हणतात तसं अक्कोरे म्हणून हाक मारली आणि विचारलं, "माझी नात रोज शाळेत येते की नाही?"

मी म्हटलं, येते, पण ओ देत नाही.

"ते तिचं नाव नाही, तर ओ का देईल?"

मग त्यांनी मला ते नाव समजावलं. समजावलं म्हणण्यापेक्षा झाडलंच. बुशरा म्हणजे शुभवार्ता. सुनेची दोन बाळं गेल्यावर ही पोर झाली, आणि दाई दुकानात सांगत आली तेव्हाच त्यांनी नाव ठरवलं. अरबीत त्याच मुळातून कातडीचा शब्द निघतो, कारण चांगली बातमी ऐकली की माणसाच्या चेहऱ्याची कातडी बदलते. माणसाला बशर म्हणतात, तेही तिथलंच. "तुमचा अर्ज अरबी, तारीख अरबी, दाखला अरबी, हजेरी अरबी," ते म्हणाले. "ते सगळं तुमच्या जिभेला बरोबर येतं. तुमच्या साहेबांना साहेब म्हणवून घ्यायचं असतं, त्याचा मूळ अर्थ सोबती. एका पोरीचा श तेवढा जड जातो."

मी हेडमास्तरांनी सांगितलं म्हणून लिहिल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्षर कुणाचं आहे?"

अक्षर माझं होतं.

त्या संध्याकाळी घरी अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते हेडमास्तरांना शिव्या देतील. ते ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. आईने विचारलं तेव्हा तिला म्हणाले, फोरमनच्या हाताखालीसुद्धा कुणीतरी लिहिणारा असेलच.

दुसऱ्या दिवशी मी पट काढला, तांबड्या शाईने बूसरावर रेघ मारली, वर बुशरा लिहिलं आणि सही केली. हजेरीतल्या गैरहजरच्या खुणाही खोडल्या. हेडमास्तरांनी मला सगळ्या शिक्षकांसमोर उभं केलं. सरकारी कागदात परवानगीशिवाय खाडाखोड केली, म्हणाले. मी म्हटलं, चूक होती ती काढली. त्यावर ते थंडपणे म्हणाले, "तुम्हा लोकांना आधी स्वतःची नावं बदलायची हौस, आता दुसऱ्यांची." मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा तिटकारा आला, तेवढा पुढे आयुष्यात कुणाचाच आला नाही.

महिन्याभरात माझी बदली अळणावरच्या पुढच्या एका खेड्यात झाली. आजोबांनी मुलीला काढून दुसऱ्या शाळेत घातलं, हे मला नंतर कळलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी माझी दुरुस्ती मानली नाही, पुन्हा बूसराच लिहिलं, हेही नंतर कळलं. तो दाखला पुढच्या शाळेत गेला, तिथून हायस्कुलात, आणि प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाची नक्कल केली.

छत्तीस-सदतीस वर्षांनी, मी निवृत्त होऊन हुबळीच्याच नवनगरात राहत होते तेव्हा, ती माझं घर शोधत आली. दवाखान्यात नर्स होती. पासपोर्टसाठी नाव सरळ करायचं होतं. जुन्या पटावर तांबडी रेघ आणि माझी सही अजून होती, म्हणून वकिलाने माझं लेखी निवेदन आणायला सांगितलं होतं. तिने आजोबा गेल्याचं सांगितलं. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

मी टेबलाशी बसून लिहिलं, की सदर मुलीचं नाव पटावर माझ्याकडून चुकून असं नोंदलं गेलं. सही करून कागद तिच्याकडे दिला. तिने उभ्यानेच वाचला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"चुकून नको," ती म्हणाली. "ऐकू आलं होतं, तरी लिहिलं, असं लिहा."

मी म्हटलं, वकिलाला एवढं लागणार नाही.

"मला लागेल."

मी दुसरा कागद घेतला. नाव नीट ऐकू आलं होतं, तरी मी वेगळं लिहिलं, असं लिहिलं आणि खाली सही केली. तिने दोन्ही कागद मागून घेतले. पहिला तिथेच फाडला, दुसरा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दार ओढून घेऊन निघून गेली.