हवेची रेघ

वेधशाळेत सगळे तिला रेघूताई म्हणत. सूर्याच्या उजेडाची रंगीत पट्टी करायची आणि तिच्यातल्या बारीक काळ्या रेघा भिंगातून न्याहाळायच्या, हे तिचं काम. उजेड ज्या पदार्थातून येतो, तो पदार्थ त्या पट्टीत आपली रेघ सोडून जातो. सूर्यावरच्या डागांत चुंबकत्व भलतं जोरदार. तिथे लोखंडाची रेघ फाटते आणि एकीच्या दोन-तीन होतात. त्यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकं चुंबकत्व जास्त. ताईचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "मी फाटलेलं शिवतो, ही नुसतं मोजून घरी येते!"

एका सकाळी डाग नसलेल्या स्वच्छ जागी तिला लोखंडाची रेघ फाटलेली दिसली. ताईला आभाळ ठेंगणं झालं.

"साहेब, पळत या! डाग नाही, तरी फाटलीये!"

वेधशाळेचे प्रमुख हातातला चहा टाकून धावले. तेवढ्यात ताईची नजर शेजारच्या रेघेवर गेली. तीही दोन! आणि ती रेघ तर सूर्याची नव्हेच, आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची. सूर्याचं चुंबकत्व तिला बापजन्मी फाडू शकत नाही.

साहेबांनी भिंगाला डोळा लावला. दोन्ही रेघा एकेकट्या, शहाण्यासारख्या उभ्या.

"फाटलंय ते माझ्या डोळ्यात," ताई म्हणाली.

मोतीबिंदू निघाला. दुसरा डोळा तर लहानपणापासूनच अधू. हा गेला तर रेघाही गेल्या, आणि दुसऱ्या कशात तिचा जीव कधी रमलाच नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नवऱ्याने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "घाबरलीस?"

"घाबरू नको तर काय नाचू?" ती खेकसली, आणि मग त्याचा हात घट्ट धरून बसली.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली, तशी ती वेधशाळेत हजर. नवराही दुकान बंद करून मागोमाग आला. सूर्यावर त्या दिवशी चांगला ऐसपैस डाग होता. पण ताईने आधी हवेची रेघ पाहिली.

ती एकच होती.

मग शेजारची लोखंडाची पाहिली. छान फाटलेली, मोजून घ्या म्हणत असलेली. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"ताई, आधी डोळे पुसा," साहेब म्हणाले, "नाहीतर हवेची रेघ पुन्हा फाटेल."

"फाटू दे," भिंगावरून न हलता ताई म्हणाली. "आज ती कशाने फाटली, ते मला ठाऊक आहे."