मृत्युपत्रातली कुसुम

वासू गेल्याची बातमी आली रविवारी, चहाच्या वेळेला... म्हणजे त्याच्याच फोनच्या वेळेला. कित्येक वर्षं तो दर रविवारी लिस्बनहून गोव्यातल्या मुळगावच्या घरी बहिणीला फोन करायचा आणि मी साखळीहून मुद्दाम तिथं जाऊन बसायचो. त्या दिवशी फोन वाजला, पण बोलत होता त्याचा शेजारी. "कुसुम?" त्यानं अडखळत विचारलं. वासूच्या बहिणीनं फोन माझ्या हातात दिला.

वासू माझा शाळेतला दोस्त. वास्को बंदरातून बोटीवर गेला, लिस्बनला उतरला आणि तिथलाच झाला. पासपोर्ट बदलला तेव्हा मी म्हटलं, "काय रे फिरंग्या, आता चवथीला व्हिसा काढून येणार काय?" तो नुसता हसला. चवथीच्या गणपतीला मात्र यायचाच. दुपारी सोप्यावर आडवा व्हायचा, डोळे अर्धे मिटलेले, आणि रस्त्यावर पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की झोपेतच पोर्तुगीजमध्ये पाव मागायचा. मग डोळे उघडून विचारायचा, "हांव आतां खंय आसां रे?" आपण कुठं आहोत ते त्याला खरंच कळत नसे, असं मला अजून वाटतं.

बायको वारलेली, मूलबाळ नाही. तिकडं दोन खोल्यांचा फ्लॅट, इकडं वाटणीत आलेलं हे घर, आणि घरात विधवा धाकटी बहीण. माझ्यामागं हिला कोणी उठवू नये, एवढाच त्याचा घोर. तिकडच्या वकिलानं सांगितलं, फ्लॅटचं मृत्युपत्र तिकडं करा, घराचं गोव्यात. त्यात एक मेख होती. नंतरच्या मृत्युपत्रात 'आधीची सर्व रद्द' असं एक वाक्य पडलं की पहिलं गेलंच! मी जन्मभर दस्त टाइप केलेला माणूस. दोन्हीकडं 'फक्त तिथल्या मिळकतीपुरतं' असं घालायला लावलं आणि मिशीला पीळ दिला. "घर माझ्या बहिणीला, कुसुमला," वासूनं सांगितलं. मी टाइप केलं, कुसुम. डिचोलीच्या कचेरीत ते वाचून दाखवलं, सह्या झाल्या, बाहेर येऊन आम्ही भजी खाल्ली.

तो गेल्यावर कागद काढला, तेव्हा कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "ही कुसुम कोण?"

आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात. आधार, रेशनकार्ड, बँक, सगळीकडं ती सुलोचना. वासूला आणि मला ती लहानपणापासून कुसुमच, त्यामुळं दुसरं नाव दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वास्कोला राहणारा वासूचा थोरला भाऊ फोनवर म्हणाला, "कागदार कुसुम आसा न्हय? मग कुसुमाक हाडा!" म्हणजे कुसुमला आणून उभी करा. ती कुसुम ठरली नाही तर घर सगळ्या भावंडांत वाटलं जाणार होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटं माझी, चूक माझी, आणि बेघर होणार ती.

आठवडाभर कचेऱ्यांचे जिने चढलो. शेवटी तिच्या लग्नाची जुनी नोंद सापडली, त्यात बापाचं नाव आणि माहेरचं नावही. शाळेच्या रजिस्टरातही निघालं. सुलोचना ऊर्फ कुसुम असं प्रतिज्ञापत्र झालं आणि थोरल्याचं तोंड बंद झालं. घर राहिलं. सही करायच्या आधी ती त्या नावावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली.

"दादा, घर मेळ्ळें," ती मला म्हणाली, "पूण ह्या नांवान हाक मारपी तो एकटोच आशिल्लो."

मनात ती कुसुमच, पण तोंडानं मी तिला लग्नानंतर नुसतं 'बाय' म्हणू लागलो होतो, चारचौघांच्या रीतीनं.

रविवारी अजून मुळगावला जातो. फोन खिडकीतच ठेवलेला असतो, जिथं रेंज येते तिथं. चहाची वेळ होते, पोदेराचा भोंगा लांब जातो... मग मी सोप्यावरूनच हाक मारतो, "गो कुसुम!" आत भांडी घासायचा आवाज थांबतो. मग ती ओ देते.