हॉलमधले पिरान्हा

नवरा गेल्यावर घरातल्या बहुतेक गोष्टींचं काय करायचं ते नातेवाइकांनीच ठरवलं. कपडे कुणाला द्यायचे, गाडी ठेवायची की दिरानं न्यायची, बँकेत माझ्यासोबत कोण येणार. मला विचारायचे आणि मी बरं म्हणायचे. फक्त हॉलमधल्या काचेच्या टाकीपाशी आले की सगळ्यांची बोलती बंद व्हायची. त्या टाकीत त्याचे दोन पिरान्हा होते आणि त्यांना दर रविवारी जिवंत मासे लागायचे.

बोलताना मी त्याला अहो म्हणायचे, मनात मात्र तो कायम ‘तो’च होता. हे मासे त्यानं औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून आणले, तेव्हा ते नाण्याएवढे होते. अंग चंदेरी, पोट लालसर. बूटही न काढता हॉलमध्ये आला, पिशवी उजेडात धरली आणि म्हणाला, “पिरान्हा आहेत. माणसाचं बोट तोडतात.” घरात बोट तोडणारं काहीतरी आणल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाळूजच्या कंपनीत दिवसभर मशीनपुढं उभा राहणारा, कॉलनीच्या मीटिंगला शेवटच्या खुर्चीत बसणारा, रिक्षावाल्यानं जास्त मागितले तरी मुकाट देऊन टाकणारा हा माणूस. पडेगावच्या आमच्या कॉलनीत त्याला कुणी फारसं ओळखत नव्हतं. मासे आल्यावर लोक आमच्या घराला पिरान्हावाल्यांचं घर म्हणायला लागले, आणि गेटमधून आत येताना त्याची मान जरा ताठ राहायला लागली. ते मला बघवायचं नाही आणि आवडायचंही.

जिवंत मासे दिले नाहीत तर हे एकमेकांना फाडून खातात, असं दुकानात सांगितलेलं होतं. म्हणून दर रविवारी सकाळी तो जाऊन गप्पी मासे आणायचा. हवा भरून रबर लावलेली फुगीर पिशवी, आत करंगळीच्या नखाएवढे जीव. कॉलनीतले लोक पोरंबाळं घेऊन यायचे, मोबाईल काढून टाकीपुढं उभे राहायचे. पिशवी आत रिकामी झाली की आमचे पिरान्हा फिल्टरच्या पाइपामागं जाऊन दडायचे. एखाद्या पोरानं काचेवर टिचकी मारली की असे दचकायचे की झाकणावर आपटायचे. “गर्दीला लाजतात,” तो म्हणायचा. कधी म्हणायचा, “आज भूक दिसत नाही.” लोक चहा पिऊन निघून जायचे. दुपारी घर शांत झालं की मासे बाहेर यायचे, आणि संध्याकाळपर्यंत टाकीत गप्पी उरलेले नसायचे.

तो पिशवी सोडायचा तेव्हा मी स्वयंपाकघरात जायचे आणि नळ सुरू करायचे. यावरून आमची भांडणं व्हायची, म्हणजे भांडायचे मी आणि तो हसायचा.

“आपण मटण खातो की नाही?” तो विचारायचा.

“खातो. पण बकरं मी मारत नाही.”

“म्हणजे मारणारा दुसरा असला की तुझं शील शाबूत?”

मी एवढंच म्हणायचे की बकऱ्याला आपण तमाशासाठी कोंडत नाही. त्या गप्पीला पळायला जागा तर पाहिजे. त्यावर तो म्हणायचा, नदीत तरी कुठं जागा असते. मग मी चिडून भांडी आपटायचे आणि तो टाकीचं पाणी बदलायला घ्यायचा.

शीलाचा विषय त्यानं उगाच काढलेला नव्हता. आमच्याकडं दर पौर्णिमेला बुद्धवंदना व्हायची. कॉलनीतल्या आठ-दहा बायका याच हॉलमध्ये सतरंजीवर बसायच्या. पंचशीलातलं पहिलंच शील जिवाची हत्या न करण्याचं, आणि ते म्हणताना सासूबाईंचा आवाज सगळ्यांत वर असायचा. मागं टाकीची मोटार गुरगुरत असायची. वंदना सुरू होण्याआधी सासूबाई उठून टाकीवर जुनी चादर टाकायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, चादर कशाला, तर म्हणाल्या, “निजू द्या त्यास्नी जरा.” सगळ्या हसल्या. मी मूर्तीकडं बघत राहिले.

एक गोष्ट मात्र त्यानं मनापासून केली. मासे पाळायला लागल्यापासून त्यानं मासे खाणं सोडलं. घरात पाळायचे आणि ताटात तळायचे, हे त्याला पटेना. पाळलेल्या माशाला जिवंत मासा घालणं पटत होतं, स्वतः खाणं पटत नव्हतं. मी यावरून त्याची भरपूर टर उडवली. पण आमच्या स्वयंपाकघरात पुन्हा मासा शिजला नाही आणि माझं मासळी बाजारात जाणं सुटलं.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो कंपनीतल्या खुर्चीवर बसला आणि उठला नाही. फोन आला तेव्हा मी शाळेत होते. सातवीच्या वह्या तपासत होते. हातातली वही मी पूर्ण तपासली, खाली सही केली आणि मग उठले.

सगळे माझ्या रडण्याची वाट बघत होते. जाऊ म्हणाली, रडून घे, मन मोकळं होईल. मी बरं म्हटलं. नणंदेनं माझं डोकं तिच्या खांद्यावर ओढलं, मी ते तिथं ठेवलं आणि तिच्या साडीची किनार बघत बसले. पाणी आलं नाही. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते मी. अंगाला काही कळतच नव्हतं. चहात साखर आहे की नाही हेसुद्धा मला दुसरं कुणी बोललं की कळायचं.

रविवार आला. सासूबाई टाकीपुढं उभ्या होत्या.

“त्याचे मासे उपाशी ठिवू नको, बाई,” त्या म्हणाल्या.

मी स्कूटी काढली, औरंगपुऱ्यात गेले, पिशवी घेऊन आले. रबर काढलं आणि पिशवी टाकीत उलटी केली. स्वयंपाकघरात गेले नाही. खुर्ची ओढून समोर बसले. गर्दी नव्हती, टिचकी मारायला कुणी नव्हतं, त्यामुळं मासे लवकर बाहेर आले. गप्पी इकडून तिकडं पळत होते आणि एकेक कमी होत होता. मी शेवटपर्यंत बघितलं. मला काहीही वाटलं नाही.

आधी वाटलं, सवय झाली असेल. मग पुढच्या रविवारी पुन्हा तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. शाळेत मी विज्ञान शिकवते. अन्नसाखळी शिकवताना फळ्यावर बाण काढते, गवताकडून टोळाकडं, टोळाकडून बेडकाकडं. घरी तो बाण मीच होते आणि मला त्याचं काहीच नव्हतं. जी बाई नळ सुरू करून कान झाकायची ती कुठं गेली, हे कळत नव्हतं. त्याच्यासोबत तीही गेली असेल तर आता मी कशालाच रडणार नाही, असं वाटायला लागलं. मासे देऊन टाकायचा विचार मी अनेकदा केला. पण त्याच्या हातचं जितंजागतं एवढंच उरलं होतं. ते मी कोरड्या डोळ्यांनी कुणाच्या तरी बादलीत घालून दिलं असतं, तर मग माझ्यात काय उरलं असतं? म्हणून मी जिवंत मासे आणत राहिले.

सासूबाईंनी त्यावर आपला मार्ग काढला होता. मी पिशवी उलटी केली की त्या चहाची गाळणी घेऊन यायच्या आणि हाताला लागतील तेवढे गप्पी बाहेर काढायच्या. आधी स्टीलच्या पातेल्यात, मग मागच्या अंगणातल्या हौदात. पुढं पुढं हौद गप्पी माशांनी भरला आणि चहासाठी मला दुसरी गाळणी आणावी लागली.

एकदा मी विचारलं, “आई, काढायचेच असतात तर आणायचे कशाला?”

“तुझं तू आन,” त्या म्हणाल्या, “माझं मी काढते.”

त्यांच्या दृष्टीनं यात काही चुकत नव्हतं. लेकाचे मासे उपाशी राहत नव्हते आणि चार जीव वाचत होते. त्याही माझ्यासमोर कधी रडल्या नाहीत. आम्ही दोघी एका घरात राहत होतो, वेळेवर जेवत होतो, टीव्ही लावत होतो आणि बंद करत होतो.

पहिला स्मृतिदिन झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, टाकीवर चादर पडली, पाहुणे जेवून गेले. त्यानंतर काही दिवसांनी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मासा खावा वाटायलाय.”

वर्षभरात त्यांनी कशाचीच इच्छा सांगितली नव्हती. त्यांचं माहेर-सासर दोन्ही पैठणकडचं, धरणाचे मासे खाऊन वाढलेली बाई. त्याच्यासाठी इतकी वर्षं तोंड बांधून होत्या. मी पिशवी घेतली आणि मासळी बाजारात गेले.

बाजारात काही बदललं नव्हतं. तेच ओले कट्टे, तोच बर्फ, त्याच मांजरी. रोहू, कटला बघत पुढं सरकत होते आणि एका कट्ट्यापाशी माझे पाय थांबले. बर्फावर आमचे पिरान्हा ठेवलेले होते. दोन नाहीत, पुरी रास. तेच गोल अंग, तीच लाल पोटं. एकाचं तोंड उघडं होतं आणि आत ते दात होते, चपटे, सरळ, एखाद्या शाळकरी पोराचे असावेत तसे. हे दात मी वर्षभर काचेतून रोज बघत होते.

“हा कोणता मासा?” मी विचारलं.

“रूपचंद है, बाजी. काटा कम है. साफ करू का?”

मी नको म्हटलं आणि बाहेर स्कूटीपाशी येऊन मोबाईलवर शोधलं. रूपचंद. शेततळ्यात वाढवतात. पाला, फळं, दाणे, पडेल ते खातो, भुकेला असला तर बारके मासेही खातो. स्वभावानं भित्रा. पुष्कळ ठिकाणी पिरान्हा म्हणून विकला जातो, असंही खाली लिहिलेलं होतं. शेजारी खऱ्या पिरान्हाचा फोटो होता. त्याचे दात करवतीसारखे होते आणि चेहऱ्यानं तो आमच्या माशांचा लांबचा नातेवाईकही वाटत नव्हता.

मला हसू आलं. रस्त्यात उभी राहून मी एकटी हसत होते आणि येणारे-जाणारे बघत होते. एवढ्या वर्षांचे रविवार, एवढ्या पिशव्या, एवढी भांडणं, आणि पालकाची जुडी टाकली असती तरी भागलं असतं. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं दात बघूनही ओळखलं नाही, हे आणखी वर. छावणी ओलांडून पडेगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मी सगळं मनात जुळवत होते. लगेच सांगायचं नाही. आधी चहा होऊ द्यायचा. मग अगदी साळसूदपणे विचारायचं, पिरान्हा पालक खातो का हो? तो वाद घालणार, दुकानदाराचे दाखले देणार. मग मोबाईल पुढं करायचा. त्याचे कान लाल होणार. आणि पुढं जन्मभर, कधी त्यानं मला काही शिकवायला घेतलं की मी फक्त रूपचंद म्हणणार.

घराचं दार उघडंच होतं. मला धीर धरवला नाही. चपलांसकट आत शिरले आणि मोठ्यानं म्हणाले, “अहो, ऐकलंत का, तुमचा पिरान्हा बाजारात किलोनं मिळतो!”

सासूबाई हातात मेथी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं दाराकडं बघितलं.

“कुनाला म्हनायलीस गं?” त्यांनी हळूच विचारलं.

मी चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. मग मी त्यांना बाजारात काय बघितलं ते सांगितलं. त्या टाकीपाशी गेल्या आणि हातातली मेथी पाण्यावर टाकली. दोन्ही मासे सरळ वर आले. न लाजता, न दडता, गाईगुरांनी चारा ओढावा तशी त्यांनी ती पानं ओढली.

“म्हंजी त्याला फसिवलं व्हय?” त्या म्हणाल्या.

“हो.”

त्यांनी मेथीची आणखी दोन पानं पाण्यावर टाकली. “ल्हान असताना पाचोडच्या बाजारातून हिरवी चिमनी घिऊन आला होता. पोपटाचं पिल्लू म्हनून कुनी दिली त्याला. रंगिवलेली होती. रोज तिच्यापुढं मिरची धरून बसायचा, बोल मिठू, बोल मिठू.”

“मग?”

“मग काय. मला ठाव होतं. नाय सांगितलं. लई खुशीत होता गं.”

एवढं बोलून त्यांनी तोंडाला पदर लावला. मी तिथंच फरशीवर बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, पोरासारखी. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याही रडायला लागल्या. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तिला काही कळेना, कारण त्याला जाऊन वर्ष झालं होतं. तिला काय सांगणार? मला त्याला चिडवायचं होतं आणि तो कुठंच नव्हता.