तपासणीच्या कागदावरचं तूस

यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्हा कामगारांच्या आरोग्य तपासणीला आलेल्या सिस्टर लिहिण्याआधी दर वेळी कागदावर फुंकर मारत होत्या. दोन ओळी होईपर्यंत कापसाचं तूस पुन्हा येऊन बसायचं.

"वडिलांना दमा होता?"

"होता."

"बिडी?"

"ओढायचो. मुलगी झाली तेव्हा सोडली."

"मग रक्तातच आहे, दादा. त्यात बिडी." आणि परत फुंकर.

सातवीत शाळा सुटली, गाव लांब राहिलं. या मागांनीच मला पोटाला लावलं, ते मी विसरत नाही. बापाचा वाटा मान्य, बिडीचाही. पण बापाचा दमा थंडीपुरता यायचा, माझा बारा महिने मुक्कामाला आहे. जे तूस तुम्हाला दोन ओळी लिहू देत नाही, ते अकरा वर्षं माझ्या छातीत जातंय. त्याला तुमच्या कागदावर रकानाच नाही? सगळा दोष आम्हा बापलेकांचाच? तेच रक्त माझ्या मुलीत आहे, आणि आमची खोली शेडला लागून आहे.

सिस्टरनी सहीसाठी कागद पुढे केला. काम जाईल ही भीती होतीच. तरी सहीच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'कापसाची धूळ, अकरा वर्षं.'

"अहो दादा, हे लिहायला इथं जागा नाही!"

"म्हणून तर माझ्या नावाच्या जागेवर लिहिलं, ताई."